तज्ज्ञांनी सांगितलं म्हणजे नक्की कुणी सांगितलं?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की कोविडच्या दोन वर्षांत सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य 'मास्क लावा' हे नसून 'तज्ज्ञांशी चर्चा करून निर्णय घेतलाय' हे आहे. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळी गुडघेदुखी आणि शुगरवाल्यांना थोडं थांबावं लागणार, सॉरी. मी आयुष्यभर मेडिकलच्या पोरांना पीएसएम (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यकशास्त्र) शिकवलं, म्हणजे ज्या लेक्चरला अर्धा वर्ग झोपतो तो विषय, त्यामुळे एवढी जागी मंडळी बघून बरं वाटलं. सगळी पत्रं घेता आली नाहीत, पाच घेतोय.

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते, मस्जिद बंदरला एका सीएच्या ऑफिसात नोकरी होती. २८ मे २०२१ ला कोविशील्डचा पहिला डोस घेतला, तेव्हा सांगितलं की दुसरा ८४ दिवसांनी. मग ऑगस्टमध्ये म्हणाले की दोन डोस होऊन १४ दिवस झाले तरच लोकलचा पास. मी हिशोब केला तर ३ सप्टेंबर येत होता. तोवर बसने जा-ये केली, लेट मार्क लागले, शेवटी नोकरी गेली. दोन्ही वेळा 'तज्ज्ञांचा सल्ला' म्हणून सांगितलं. हे तज्ज्ञ कोण होते आणि त्यांनी खरंच असं सांगितलं होतं का? (एक वाचिका, डोंबिवली पूर्व)

उत्तर : ताई, तुमचा हिशोब मी पण कॅलेंडर घेऊन करून बघितला, बरोबर आहे. आणि तुमची गंमत (गंमत कसली म्हणा) अशी आहे की तुमच्या आयुष्यात दोन वेगवेगळ्या समित्यांचे निर्णय एकमेकांवर आपटले आणि मधे तुम्ही सापडलात.

पहिला निर्णय डोसमधल्या गॅपचा. आधी तो ६ ते ८ आठवडे होता, १३ मे २०२१ ला केंद्राने १२ ते १६ केला. लसीकरणाबाबत सल्ला देणारी केंद्राची समिती आहे, एनटीएजीआय, तिच्या कोविड गटाची शिफारस असं जाहीर झालं, आणि ब्रिटनमधला अनुभव आधार म्हणून दिला. ठीक आहे, गॅप वाढवल्यावर अँटिबॉडी चांगल्या येतात याला आधार होता, ते काही हवेतलं नव्हतं. पण पुढच्याच महिन्यात रॉयटर्सने बातमी दिली की त्याच समितीतले काही शास्त्रज्ञ म्हणतायत, आम्ही ८ ते १२ ला हो म्हटलं होतं, १२ च्या पुढचा पुरेसा डेटा आमच्याकडे नव्हता. गटाचे प्रमुख म्हणाले, निर्णय शास्त्रीय पुराव्यावरच झालाय. म्हणजे एकाच खोलीत बसून आलेली माणसं महिन्याभराने दोन गोष्टी सांगतायत आणि आपण बाहेर उभे, कोण खरं ते कळायला मार्ग नाही. आतलं बोलणं वेळच्या वेळी छापलं असतं तर हा वादच झाला नसता, म्हणजे झाला असता पण मुद्द्यावर झाला असता.

आता गंमत बघा, आपण गॅप वाढवला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १४ मे ला, ब्रिटनने पन्नाशीच्या वरच्यांसाठी तोच गॅप १२ वरून ८ आठवड्यांवर आणला, कारण विषाणूचा नवा प्रकार, डेल्टा. तोच डेल्टा जो आपल्याकडून तिकडे गेला होता. ज्यांचा अनुभव आधार म्हणून घेतला तेच उलट्या दिशेला निघाले! यात आपण चुकलोच असं मी म्हणत नाही. त्यांच्याकडे बऱ्याच जणांचा पहिला डोस झाला होता, आपल्याकडे लोक पहाटेपासून लायनीत उभे राहून 'आज स्टॉक नाही'चा बोर्ड वाचून घरी जात होते. लस कमी आहे म्हणून जास्तीत जास्त लोकांना निदान एक डोस देऊ, हे अगदी शहाणपणाचं कारण आहे, मी असतो तर मी पण कदाचित तेच सुचवलं असतं. पण मग तसं सांगा ना! टंचाईचं कारण शास्त्राच्या पदराखाली का लपवायचं? फरक एवढाच की त्यांची लस समिती आपला सल्ला कारणांसकट प्रसिद्ध करते, त्यामुळे तिथला माणूस निदान वाचून भांडू शकतो.

दुसरा निर्णय लोकलचा. हा राज्याचा, आणि इथे तर तज्ज्ञ राहिले बाजूला, समितीची बैठकच सापडली नाही. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली राज्य कार्यकारी समिती असते, मुख्य सचिव तिचे अध्यक्ष. या लोकलबंदीविरुद्ध मुंबई हायकोर्टात जनहित याचिका झाल्या, कोर्टाने कागद बघायला मागितले तेव्हा बाहेर आलं की जुलै-ऑगस्ट २०२१ चे ते आदेश समितीत बसून ठरलेलेच नव्हते, अध्यक्षांनी एकट्याने काढले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये कोर्टाने हे कायद्याला धरून नाही असं सुनावलं आणि सरकारला ते आदेश मागे घ्यावे लागले. (मार्चच्या सुरुवातीला नवा आदेश आला, त्यात दोन डोसची अट होतीच, तो भाग वेगळा.)

तेव्हा ताई तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की गॅपबद्दल तज्ज्ञांनी काहीतरी सांगितलं होतं, पण सगळ्यांनी तेच सांगितलं होतं का यावर वाद आहे, आणि लोकलबद्दल 'समितीने ठरवलं' हे कागदावर टिकलंच नाही. एका डोसवाल्याला दुसरा ८४ दिवस मिळणारच नाहीये हे माहीत असताना त्याला लोकल बंद करायची, यातला आंतर्विरोध पकडायला डॉक्टर लागत नव्हता, तुमच्यासारखी कॅलेंडर घेऊन बसलेली एक बाई पुरेशी होती. पण ते आदेश तिला आधी दाखवलेत कुणी!

प्रश्न : एप्रिल २०२१ मध्ये माझ्या बाबांना हॉस्पिटलने प्लाझ्मा (कोविडमधून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव भाग) आणायला सांगितलं. मी आणि माझा मित्र दोन दिवस बाइकवर फिरत होतो, लालबाग ते मीरा रोड, व्हॉट्सॲपवर शंभर ग्रुपमध्ये मेसेज टाकले. प्लाझ्मा मिळाला तोवर बाबा व्हेंटिलेटरवर होते, पुढे गेले. नंतर महिन्याभरात वाचलं की प्लाझ्माचा उपयोगच नाही म्हणून सरकारने काढून टाकला. मला अजून झोप लागत नाही सर. (एक वाचक, लालबाग)

उत्तर : आधी एक गोष्ट सांगतो मग बाकीचं. तो प्लाझ्मा दोन दिवस आधी मिळाला असता तरी त्याने बाबा वाचले असते असं समजायला आधार नाही. तुमची धावपळ कमी पडलेली नाही. हे मी धीर द्यायचा म्हणून सांगत नाहीये, आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्याच अभ्यासावरून सांगतोय.

आणि तिथेच खरी चीड येण्यासारखी गोष्ट आहे. २०२० च्या एप्रिल ते जुलैमध्ये आयसीएमआरने ३९ हॉस्पिटलांत ४६४ पेशंटवर प्लाझ्माचा ट्रायल केला, निष्कर्ष असा की आजार गंभीर होणं किंवा मृत्यू, कशातच फरक पडला नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये हे बीएमजे या मोठ्या जर्नलमध्ये छापून पण आलं. सरकारी संस्था, सरकारी पैसा, आपलेच पेशंट, उत्तम काम, जगाने दखल घेतली. प्लाझ्मा काढायचा विचार चालू आहे असं त्याच महिन्यात बोललं गेलं, नोव्हेंबरमध्ये सरसकट वापरू नका असं सूचनापत्रकही निघालं. पण उपचारांच्या राष्ट्रीय गाइडलाइनमधून प्लाझ्मा निघाला कधी, तर १७ मे २०२१. म्हणजे सात महिने. आणि त्या सात महिन्यांत दुसरी लाट येऊन गेली, त्यातच तुमची बाइक.

बघा, इथे पुरावा लपवला नव्हता, जर्नलमध्ये उघडा पडला होता. उघड नव्हतं ते हे की गाइडलाइन ठरवणाऱ्या टेबलावर हा पुरावा आल्यावर कोण काय म्हणालं, 'राहू दे' कुणी म्हटलं आणि का म्हटलं. कदाचित कारण साधं माणुसकीचं असेल, डॉक्टरच्या हातात दुसरं काही नाही, नातेवाईक पाया पडतायत, ऑप्शन म्हणून राहू दे. मी वॉर्डात उभा राहिलेला माणूस आहे, ते प्रेशर मला कळतं. पण ते कारण लिहिलेलं असतं तर एखाद्या ज्युनियर डॉक्टरने तुम्हाला खरं सांगायची हिंमत केली असती की दादा, पळू नका, बाबांजवळ बसा.

प्रश्न : तुमचं पारदर्शकतेचं प्रवचन नेहमीचं आहे. संकटात सेनापती आपले नकाशे चव्हाट्यावर मांडत नाही. सगळं छापलं तर लोक घाबरतील, आणि उद्या ट्रोल होईल या भीतीने एकही शास्त्रज्ञ तोंड उघडणार नाही. (एक निवृत्त बँक अधिकारी, मुलुंड)

उत्तर : काका, पहिल्यांदा दुसरा मुद्दा घेतो कारण तो खरा आहे. ट्रोलिंग, धमक्या, घरी फोन, हे झालंय आणि शास्त्रज्ञ माणसं त्याला सरावलेली नसतात. म्हणून मी म्हणत नाही की अमुक डॉक्टर अमुक वाक्य बोलले असं नावानिशी छापा. समितीत कोण कोण आहे ते छापा, कुणाचे कुठल्या कंपनीशी संबंध आहेत ते छापा, काय पुरावा समोर आला, किती खात्री होती, मतभेद होते का, असतील तर कशावर, हे नाव न घालता छापा. दोन आठवड्यांनी छापा, तीन आठवड्यांनी छापा, पण निर्णय लोकांच्या अंगावर असेपर्यंत छापा. वरातीमागून घोडं नको.

आता घबराट. यावर ब्रिटनने आपल्यासाठी दोनदा पैसे भरून शिकवणी लावलीये, फुकट शिकून घेऊ.

पहिली शिकवणी मॅड काऊची. गाईंना तो रोग झाला तेव्हा तिथला कृषिमंत्री १९९० मध्ये टीव्ही कॅमेऱ्यासमोर आपल्या चिमुरड्या मुलीला बीफ बर्गर भरवायला गेला, की बघा सेफ आहे. मार्च १९९६ मध्ये त्याच पक्षाच्या सरकारला पार्लमेंटमध्ये उभं राहून सांगावं लागलं की माणसांना होणाऱ्या नव्या मेंदूच्या आजाराचा याच्याशी संबंध असावा. पुढे चौकशी बसली, ऑक्टोबर २००० मध्ये सोळा खंडांचा अहवाल आला, आणि त्यात काय निघालं? सरकार खोटं बोललं असं नाही निघालं, निघालं ते हे की लोक घाबरतील या धास्तीने सारखा दिलासा देत राहणं हीच चूक झाली, कारण नंतर लोकांना वाटलं आपल्याला फसवलं. तुमची लाइन अगदी तीच आहे काका, फक्त तुम्ही बर्गर खात नाही एवढंच.

दुसरी कोविडची. तिथे आणीबाणीत सल्ला द्यायला सेज नावाचा शास्त्रज्ञांचा गट आहे. सुरुवातीला त्यात कोण कोण बसतं हेच गुप्त होतं, सुरक्षेचं कारण. एप्रिल २०२० मध्ये गार्डियन या वर्तमानपत्राने फोडलं की पंतप्रधानांचा राजकीय सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज तिथे बसतो, मग गहजब झाला, आणि माजी मुख्य शास्त्रीय सल्लागार डेव्हिड किंग यांनी सरळ समांतर गटच काढला ज्याच्या बैठका कुणीही बघू शकेल. शेवटी ४ मे ला नावं आली, मे अखेरीस इतिवृत्तं छापायला सुरुवात झाली. आकाश कोसळलं नाही. उलट त्या कागदांमुळेच ऑक्टोबरमध्ये कळलं की २१ सप्टेंबरला या गटाने छोटा लॉकडाऊन सुचवला होता आणि सरकारने तो घेतला नव्हता. घेतला पाहिजेच होता असं नाही, सरकारला पोटापाण्याचं पण बघायचं असतं आणि ते बघायलाच आपण त्यांना निवडून देतो. पण मग 'आम्ही सायन्सच्या मागे चाललोय' असं म्हणता येत नाही, 'सायन्सने हे सांगितलं, आम्ही ते केलं, कारण हे' असं म्हणावं लागतं.

बरं, परदेश सोडा, आपल्या मुंबईतलंच बघा. जुलै २०२० मध्ये टीआयएफआर ही संशोधन संस्था, पालिका आणि नीती आयोगाने तीन वॉर्डांत रक्त तपासून जाहीर केलं की झोपडपट्टीत ५७ टक्के लोकांना आणि इमारतींत १६ टक्क्यांना कोविड होऊन गेलाय. सत्तावन्न टक्के! याच्यापेक्षा घबराटीचा आकडा कुठला? कुणी रस्त्यावर आलं नाही, चाळीत उलट चर्चा अशी की अरे मग आपलं झालं वाटतं होऊन. आणि त्याच्या महिनाभर आधी, जून २०२० मध्ये, आधी न मोजलेले ८६२ मृत्यू पालिकेला एका दिवसात यादीत घालावे लागले, ते कळल्यावर लोक हबकले की रोज संध्याकाळी जो आकडा बघत होतो तो पूर्ण नव्हताच. कोंबडं झाकून ठेवलं म्हणून उजाडायचं राहत नाही काका, फक्त उजाडल्यावर कोंबड्यावरचा विश्वास जातो.

प्रश्न : बार आधी उघडले आणि देवळं नंतर, हे कुठल्या शास्त्रात बसतं? (एक वाचक, भुलेश्वर)

उत्तर : बार आणि हॉटेलं ५ ऑक्टोबर २०२० ला, देवळं १६ नोव्हेंबरला पाडव्याला, मधे राज्यपाल-मुख्यमंत्री पत्रयुद्ध, 'तुम्ही सेक्युलर झालात का' वगैरे. दारूच्या महसुलावर सरकारं चालतात हे शेंबड्या पोराला कळतं, आणि तिजोरी रिकामी असताना त्यात लाज वाटण्यासारखं पण काही नाही. बारमध्ये मास्क काढूनच बसावं लागतं त्यामुळे विषाणूच्या बाजूने बघितलं तर हा क्रम मला समजावून सांगता येणार नाही. सल्ला काय होता हे वेगळं मांडलं असतं आणि पैशाचं गणित वेगळं, तर देवाला मधे आणायची कुणाला सोय उरली नसती.

प्रश्न : सर, मी पार्ल्यात मास मीडियाला आहे. अशा समित्यांची मिनिट्स आरटीआयमध्ये मागता येतात का? कशी मागू? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : येतात, आणि खरं तर तुला मागावीच लागू नयेत. आरटीआय कायदा २००५ चा, त्याचं कलम ४ काढून वाच, लोकांवर परिणाम करणारा महत्त्वाचा निर्णय जाहीर करताना त्यामागची सगळी संबंधित तथ्यं सरकारने आपणहून प्रसिद्ध करायची आहेत, आणि ज्याच्यावर परिणाम होतो त्याला कारणं द्यायची आहेत. 'आपणहून' हा शब्द अधोरेखित कर, कारण ऑफिसात तो कुणी वाचलेला नसतो.

आता मागायचं कसं. 'असा निर्णय का घेतला?' असं विचारू नकोस, ही सगळ्यांची पहिली चूक. आरटीआयमध्ये कागद मिळतात, खुलासे मिळत नाहीत. 'अमुक तारखेच्या बैठकीचं इतिवृत्त, हजेरीपत्रक, समोर ठेवलेली टिपणी आणि सादरीकरण यांच्या प्रती' असं माग. राज्याच्या ऑफिसला अर्ज असेल तर १५० शब्द आणि एकच विषय, हा आपल्या महाराष्ट्राचा नियम, केंद्राला ५०० शब्द चालतात, त्यामुळे राज्याच्या अर्जात 'महोदय सविनय' मध्ये शब्द घालवू नकोस. फी १० रुपये, ३० दिवसांत उत्तर. कलम ८ दाखवून मंत्रिमंडळाचे कागद आहेत म्हणून नाकारतील, तेव्हा त्याच कलमात पुढे लिहिलंय ते दाखव की निर्णय होऊन विषय संपला की कारणं आणि त्यामागचं साहित्य खुलं करायचं असतं. उत्तर नाही आलं तर पहिलं अपील, राज्यात त्याला २० रुपयांचं स्टॅम्प.

माझा अनुभव सांगतो. एका ऑफिसात (नाव नको, भली माणसं आहेत) मी एका साथरोग समितीच्या तीन बैठकांची इतिवृत्तं मागितली. उत्तर आलं, 'इतिवृत्त अंतिम करण्याचे काम चालू आहे.' बैठका होऊन दीड वर्ष झालं होतं. मग मी शहाणपणा केला, दुसरा अर्ज टाकला आणि त्या तीन दिवसांची चहापाण्याची बिलं मागितली. अठराव्या दिवशी आली, सही-शिक्क्यासकट. पहिल्या बैठकीला अकरा चहा, दुसऱ्या बैठकीला नऊ चहा आणि बटाटेवडे, तिसऱ्या तारखेचं बिलच नव्हतं. मी अपिलात एवढंच विचारलं की तिसरी बैठक बिनचहाची झाली की झालीच नाही. सुनावणीला साहेब हसले, म्हणाले डॉक्टर, बसा, चहा घ्या. दोन इतिवृत्तं पुढच्या महिन्यात पोस्टाने घरी आली. तिसऱ्याचं काम अजून चालू आहे.